जेनेटिक अल्गोरिदमने तरंगलांब्या कशा वाचवायच्या: 14 नोडच्या ऑप्टिकल नेटवर्कचे नियोजन

डब्ल्यूडीएम नेटवर्कमध्ये एकाच फायबरमधून अनेक तरंगलांब्यांचा प्रकाश एकाच वेळी जातो. त्यातल्या प्रत्येक मागणीला, म्हणजे दोन नोडमधल्या जोडणीला, दोन गोष्टी लागतात, रस्ता आणि तरंगलांबी. वाटेत तरंगलांबी बदलणारे उपकरण नसेल तर सुरुवातीला मिळालेली तरंगलांबीच शेवटपर्यंत टिकवावी लागते. शिवाय एका फायबरवर एक तरंगलांबी एकाच मागणीला देता येते. या दोन अटींमुळे प्रश्न अवघड होतो. तो सोडवायला इथे जेनेटिक अल्गोरिदम वापरू: अनेक उत्तरे (गुणसूत्रे) घ्यायची, चांगली निवडायची, त्यांची सरमिसळ आणि छोटे बदल करून पुढची पिढी बनवायची.

सरावासाठी अमेरिकेतल्या एनएसएफनेट या जुन्या संशोधन नेटवर्कचा 14 नोड आणि 21 लिंकचा आराखडा घ्या. मूळ जाळे डब्ल्यूडीएमचे नव्हते, पण चाचणीसाठी हा आराखडा खूप वापरतात. मात्र वेगवेगळ्या निबंधांत त्यातल्या काही लिंक आणि अंतरे वेगळी दिसतात. म्हणून एकच फाइल पक्की करा, नाहीतर तुमच्या आकड्यांची तुलना कशाशीच करता येणार नाही. नोडच्या प्रत्येक जोडीला एक मागणी धरली तर 91 मागण्या होतात. प्रत्येकीला तीन रस्ते दिले की पर्यायांची संख्या 10 च्या 43 व्या घाताच्या घरात जाते.

कोड लिहिण्याआधी किमान किती तरंगलांब्या लागणारच, ते काढा. नेटवर्कचे दोन भाग पाडा, भागांमधून ओलांडणाऱ्या मागण्या मोजा आणि त्यांना ओलांडणाऱ्या लिंकच्या संख्येने भागा. 7-7 नोडचे दोन भाग चारच लिंकनी जोडलेले असतील तर 49 भागिले 4, म्हणजे 12.25. अशा वेळी 13 पेक्षा कमी तरंगलांब्यांत काम होणे शक्यच नाही. ही मर्यादा ठाऊक नसेल तर अल्गोरिदम अडकला आहे की उत्तरापर्यंत पोहोचला आहे, हे कळत नाही.

आता रस्ते काढा. पायथॉनच्या नेटवर्कएक्स या लायब्ररीमध्ये येनच्या पद्धतीने लहानापासून मोठ्यापर्यंत साधे रस्ते मिळतात. प्रत्येक लिंकचे वजन 1,00,000 अधिक किलोमीटर असे ठेवा. त्यामुळे आधी कमी लिंकचे रस्ते येतात आणि लिंक समान असल्या तर कमी अंतराचे. नुसते किलोमीटर ठेवले की अंतराने जवळचे पण जास्त लिंक अडवणारे रस्ते पुढे येतात आणि तरंगलांब्या वाया जातात.

जो रस्ता सिग्नलला पेलणार नाही तो इथेच गाळा. त्यासाठी ओएसएनआर, म्हणजे सिग्नल आणि नॉइज यांचे डीबीमधले गुणोत्तर, पाहा; स्पॅन म्हणजे दोन अॅम्प्लिफायरमधला फायबरचा तुकडा. अंदाजासाठी ओएसएनआर = 58 + चॅनेलची पॉवर − नॉइज फिगर − एका स्पॅनचा लॉस − 10 लॉग (स्पॅनची संख्या). 80 किमीच्या स्पॅनला जोड आणि मार्जिनसह 20 डीबी, नॉइज फिगर 5 डीबी आणि पॉवर 0 डीबीएम धरा. 4,000 किमीला 50 स्पॅन लागतात आणि उत्तर सुमारे 16 डीबी येते. 100 जी क्यूपीएसके या साध्या मॉड्युलेशनला एवढे पुरते, जास्त माहिती नेणाऱ्या 200 जी 16-क्वामला सहसा पुरत नाही. या सूत्रात फायबरचे नॉनलिनियर परिणाम धरलेले नाहीत. अंतिम आराखडा जीएनपायसारख्या (ऑप्टिकल रस्त्यांची गुणवत्ता मोजणाऱ्या) साधनावर तपासा.

सगळ्यात महत्त्वाचे काम एन्कोडिंगचे, म्हणजे उत्तर गुणसूत्रात कसे लिहायचे ते. प्रत्येक मागणीला एक जनुक द्या आणि त्यात रस्त्याचा क्रमांक ठेवा: 0, 1 किंवा 2. तरंगलांबी जनुकात ठेवू नका. ठेवली तर क्रॉसओव्हरनंतर (दोन गुणसूत्रांची जनुके मिसळल्यावर) बऱ्याच संततींत दोन मागण्या एकाच लिंकवर एकाच तरंगलांबीवर येतात आणि सगळा वेळ ती दुरुस्त करण्यात जातो. तरंगलांबी डीकोड करताना फर्स्ट-फिटने द्या: लांब रस्ते आधी, आणि प्रत्येकाला त्याच्या सगळ्या लिंकवर मोकळी असलेली सर्वांत खालची. प्रत्येक लिंकसाठी एक बिटमास्क ठेवा, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला एक बिट, वापरात असेल तर 1. रस्त्यावरच्या लिंकचे मास्क ऑर करून पहिला शून्य बिट शोधला की काम झाले.

फिटनेसमध्ये, म्हणजे गुणसूत्र किती चांगले ते मोजणाऱ्या आकड्यात, फक्त वापरलेल्या तरंगलांब्यांची संख्या ठेवणे ही नेहमीची चूक. शेकडो गुणसूत्रांचा आकडा एकच, समजा 15, येतो आणि निवडीला दिशाच उरत नाही. म्हणून खर्च असा ठेवा: 1,00,000 × नाकारलेल्या (तरंगलांबी न मिळालेल्या) मागण्या + 1,000 × तरंगलांब्या + लिंकवरील भाराच्या वर्गांची सरासरी. तरंगलांब्या 30 च्या आत असतील तर शेवटचे पद 900 च्या वर जात नाही, म्हणून ते मुख्य उद्दिष्टावर कुरघोडी करत नाही. पण गर्दीची लिंक हलकी करणारे बदल त्याच्यामुळे ओळखता येतात.

सुरुवातीला 100 गुणसूत्रे, 300 पिढ्या, तिघांची टूर्नामेंट निवड (तिघांतला सर्वोत्तम निवडणे), 0.9 शक्यतेचा युनिफॉर्म क्रॉसओव्हर (प्रत्येक जनुक दोघांपैकी एका पालकाकडून), प्रत्येक जनुकाला 1/91 म्युटेशन (यादृच्छिक बदल) आणि दोन एलिट (तशीच पुढे जाणारी सर्वोत्तम गुणसूत्रे) ठेवा. सगळे लघुतम रस्ते असलेले एकच गुणसूत्र पहिल्या पिढीत घाला. असे दहा-वीस घातले तर लोकसंख्या लवकर एकसारखी होते. चाळीसाव्या पिढीलाच बहुतेक जनुके सारखी दिसली तर म्युटेशन 0.03 करा किंवा दहा नवी यादृच्छिक गुणसूत्रे सोडा. उत्तर किमान मर्यादेच्या वर अडले तर रस्ते तीनाऐवजी पाच करून पाहा.

एकाच धावेवर भरवसा ठेवू नका. 20 वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीच्या किंमतींनी) चालवा आणि मध्यक व सर्वांत वाईट उत्तर दोन्ही नोंदवा. तेवढ्याच 30,000 मूल्यांकनांचा निव्वळ यादृच्छिक शोधही चालवा. जेनेटिक अल्गोरिदम त्यालाही हरवत नसेल तर पॅरामीटर चाळण्याआधी डीकोडर तपासा. चूक बहुधा तिथेच सापडते.

14 नोडचा हा प्रश्न हाय्ससारखा (HiGHS) मोफत सॉल्व्हरही गणिती पद्धतीने हाताळू शकतो, आणि त्याच्या उत्तराशी ताळा घेतलाच पाहिजे. जेनेटिक अल्गोरिदमची खरी गरज पडते ती नोड शेकड्यांत गेले किंवा ओएसएनआरसारख्या वाकड्या अटी आल्या की. चॅनेलची लाँच पॉवर ठरवायची असेल तर पार्टिकल स्वॉर्म (उत्तरांचा थवा चांगल्या जागेकडे सरकवणारी पद्धत) अधिक सोयीचा, कारण पॉवर सलग बदलते. रस्त्यांच्या क्रमांकांवर तो लादला तर अपूर्णांक गोल करण्यातच त्याची दिशा हरवते.