जुनी मिलिटरी रायफल ओळखताना या चुका टाळा

आमच्या वर्धेकडे लाकडी दस्त्याची कोणतीही लांब बंदूक दिसली की माणूस छातीठोक सांगते, "थ्री नॉट थ्री हाय!" म्हणजे इंग्रजांच्या फौजेची .३०३ बोअरची ली-एनफिल्ड रायफल. मीही तेच करायचो. मोठेबाबांच्या लायसनच्या बंदुकीला मी कित्येक वर्षं थ्री नॉट थ्रीच म्हणत होतो, मग एक दिवस ती रिकामी आहे हे दोनदा बघून, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा) काढून नळीत टॉर्च मारला तर आत रायफलीत असतात तसे पीळदार आटेच नाही, नुसती गुळगुळीत. निघाली ४१० मस्केट. इंग्रजांच्या काळात पोलीस-पहारेकऱ्यांसाठी बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात ली-एनफिल्डच्या अशा मस्केटी केल्या होत्या, मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) जागी लाकडाचा ठोकळा अन् एका वेळी एकच काडतूस.

दुसरी चूक म्हणजे फक्त साल वाचणं. बोल्टच्या दांड्याखाली उजवीकडे जी लोखंडी पट्टी दिसते तिथे मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल, मार्क (मॉडेलचा नंबर) असं सगळं एकाखाली एक असते, ते सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. मुकुटाखाली व्हिक्टोरिया राणीची 'व्ही आर' अक्षरं अन् साल १९१६? राणी तर १९०१ मध्येच गेली ना भाऊ! असा नकली माल बहुतेक खैबर खिंडीकडच्या कारागिरांचा असते, त्यात कधी 'एनफिल्ड'मधला एनसुद्धा उलटा ठोकलेला सापडते. मार्क तीनपुढचा तारा पण बघा, तो १९१६ पासूनच्या सोप्या केलेल्या मॉडेलचा.

चौकोनी मॅगझिन असलं तर थांबा. ती इशापूरची २ए किंवा २ए१, काडतूस ७.६२. मागच्या साइटवरचे (नेम धरायच्या पट्टीवरचे) अंतराचे आकडे २००० पर्यंत असतील तर २ए, ८०० पर्यंत असतील तर २ए१. जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून ही बनवली असं लोक बिनधास्त सांगतात, ते खोटं, ही नव्यानेच बनवलेली अन् जास्त मजबूत स्टीलची.

'डी पी' ठोकलेलं दिसलं तर ती कवायतीची रायफल, चालवायची नाही, बस.

अन् कायदा. थ्री नॉट थ्री अन् ७.६२ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये (साध्या लायसनवर न मिळणाऱ्या बोअरमध्ये) येतात, रानडुकरांसाठी पीक संरक्षणाचं लायसन आहे म्हणून ते चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. वाड्याच्या माळ्यावर आज्याची जुनी बंदूक सापडली तर आधी पोलीस स्टेशनला कळवा, फोटो ग्रुपवर नंतर.

सगळ्यात मोठी चूक मात्र आमच्याच घरात झाली. पोळ्याच्या आधी साफसफाई चालली होती, चुलतभावाला गंज बघवला नाही, त्यानं एमरी पेपर घेऊन मोठेबाबांची मस्केट अशी घासली की चकाचक, अन् त्यात बोल्टवरचा नंबर साफ अन् नळीवरचा अर्धा गेला. नंबर मिटवणं हा आर्म्स ॲक्टमध्ये गुन्हा आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. लायसन रिन्यूला गेलो तर साहेब भिंग घेऊन बसले, कागदावरचा नंबर अन् नळीवरचा नंबर काही जुळेना, मोठेबाबा चार चकरा मारून आले अन् त्या दिवसापासून चुलतभावाला "पॉलिशवाला"च म्हणतात.