बातमीखालचं नाव वाचायला लागले त्याची गोष्ट

माझी छापून आलेली पहिली बातमी चार ओळींची होती आणि ती चुकलेली होती. पाण्याच्या शटडाऊनची. ठाणेकरांना वेगळं सांगायला नको, शुक्रवारी सकाळी नऊ ते शनिवारी सकाळी नऊ पाणी बंद, पुढे एक-दोन दिवस कमी दाबाने येणार, अशी प्रेसनोट येते आणि सगळे ती छापतात. मी तेव्हा एका छोट्या स्थानिक पेपरात ट्रेनी होते. बुधवारी रात्री ती टाइप केली आणि हेडिंग दिलं 'उद्या पाणी नाही', कारण पेपर गुरुवारचा. पण रात्री उशिरा एक जाहिरात आली, माझ्या चार ओळी पानातून उडाल्या आणि कोणीतरी त्या तशाच्या तशा शुक्रवारच्या अंकात लावल्या. शुक्रवारी अकराच्या सुमारास ऑफिसात फोन वाजला, नेमका मीच उचलला. पलीकडे एक आजी. "अगं, नळ सकाळीच गेला की, पेपरात तर उद्या लिहिलंय, मी चादरी भिजत घातल्यात गं."

काय बोलणार. सॉरी म्हणाले.

आमचे डेस्कचे सर रागावले नाहीत, फक्त विचारलं, "तू पेपर वाचतेस की चाळतेस?" मला लागलं ते. लहानपणापासून घरात पेपर येतो, रविवारच्या पुरवण्यांवरून भावाशी भांडणं व्हायची, आणि मी चाळते? घरी जाऊन रद्दीतले पेपर काढून बसले तर बऱ्याच बातम्यांत 'उद्या' नव्हताच, 'शुक्रवारी' होतं, तारखेसकट. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं.

हे सगळं आत्ता लिहितेय कारण मास मीडियाला अॅडमिशन घेतलेली आमच्या सोसायटीतली दोन-तीन पोरं सारखी विचारतात की ताई काय वाचू, काय ऐकू, आणि मला यादी द्यायचा कंटाळा येतो कारण यादी कोणी वाचत नाही, मीही वाचली नसती.

त्यापेक्षा सरांनी मला लावलेली सवय सांगते. रोज एक बातमी निवडायची, फक्त एक, आणि वहीत तिच्याखाली लिहायचं : हे यांना कसं कळलं? बस. मी तेव्हा कोपरखैरणेहून ठाण्याला ट्रान्स हार्बरने जायचे, वीस-बावीस मिनिटांचा प्रवास, सीट मिळाली तर वही मांडीवर नाहीतर डोक्यातल्या डोक्यात. पहिला आठवडा बोअर झालं. मग हळूहळू दिसायला लागलं की 'प्रतिनिधी' लिहिलेल्या कितीतरी बातम्या तीन पेपरांत शब्दाला शब्द सारख्या आहेत, म्हणजे कुठल्यातरी ऑफिसने सगळ्यांना पाठवलेली प्रेसनोट. 'वृत्तसंस्था' किंवा 'पीटीआय' असेल तर सगळ्या पेपरांना बातम्या पुरवणाऱ्या एजन्सीची, आपल्या पेपरचं कोणी तिथे गेलेलं नाही. पानभर सुंदर फोटो, सगळं गोड गोड, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'इम्पॅक्ट फीचर', म्हणजे पैसे देऊन छापलेलं. आणि मग मधूनच एखादी बातमी यायची जिच्यात नाव असायचं. बायलाइन. माणूस तिथे गेलाय, नालीचा वास घेतलाय, अधिकाऱ्याला फोन केलाय, त्याने उचलला नाही तर तेही लिहिलंय. मी ती नावं वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले. चांगलं वाचायला कसं शोधायचं याचं माझ्याकडे तरी हे एकच उत्तर आहे, पेपर किंवा चॅनल नाही, माणूस पकडा. अल्गोरिदम तुम्हाला कालच्यासारखंच काहीतरी देणार, पण चांगला रिपोर्टर तुम्हाला तुम्ही स्वतःहून कधीच उघडली नसती अशा विषयात घेऊन जातो.

एक उदाहरण देते, नवी मुंबईकरांना लगेच कळेल. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने फ्लेमिंगो मेले. आपल्याकडे खाडीत, नेरुळच्या तलावात दरवर्षी येतात म्हणून जास्तच वाईट वाटलं. मी त्या आठवड्यात मिळेल ते सगळं वाचलं. सुरुवातीला आकडा तिशीच्या आसपास होता, मग वाढत ३९ वर गेला. यात कोणी खोटं बोलत नव्हतं, मेलेले पक्षी शोधून मोजायला वेळ लागतो. नवीन माणूस इथेच चिडतो की मीडिया काहीपण छापतं, पण पहिल्या दिवसाची बातमी ही पहिल्या दिवसापुरतीच असते हे एकदा कळलं की डोकं शांत राहतं. दुसरं म्हणजे काहींनी विमान आणि पक्षी एवढ्यावर विषय संपवला, आणि काही जण पुढे गेले, पाणथळ जागांचं काय होतंय, विजेच्या तारा कुठून गेल्यात, २०१५ ला अभयारण्य जाहीर झालेल्या आणि २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलेल्या ठाणे खाडीच्या भोवती काय चाललंय. एकच घटना, पण त्या दुसऱ्या प्रकारच्या बातम्यांची कात्रणं मी अजून ठेवलीयेत.

जुनं वाचायचं का? वाचायचं, पण परीक्षेसाठी नाही. दर्पण १८३२, बाळशास्त्री जांभेकर, म्हणून ६ जानेवारी पत्रकार दिन, हे सगळे पाठ करतात. पण त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापायचे ही गंमत किती जणांना माहितीये? आणि आपल्या ठाण्यातून १८६६ मध्ये 'अरुणोदय' निघायचा. ठाण्याला गाडी आली १८५३ ला, म्हणजे तेरा वर्षांत स्वतःचं वर्तमानपत्र, आणि आपण अजून म्हणतो ठाण्यात काय होतं, तळी होती. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, मेंबर व्हा, मी शनिवारी जायचे. तिथली शांतता एसी कॅफेत नाही मिळत, आणि कॉफीचे पैसेही वाचतात. आगरकर केसरीचे पहिले संपादक आणि मग मतभेद झाले म्हणून १८८८ ला स्वतःचा सुधारक काढला, हे वाचताना मला पहिल्यांदा कळलं की अग्रलेख म्हणजे नुसतं मत नसतं, युक्तिवाद असतो. बाबासाहेबांचा मूकनायक ३१ जानेवारी १९२० चा, वर तुकोबांचा अभंग छापलेला. आज आपण हेडिंगमध्ये प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होतो, ते अग्रलेख वाचा, एक वाक्य घाबरत लिहिलेलं सापडत नाही.

आता ऐकायचं. टीव्हीवरच्या चर्चा मी सोडल्या, सहा चौकटी आणि सहाही जण एकदम बोलतायत, त्यात शिकण्यासारखं काही नाही असं माझं मत, ज्यांना आवडतं त्यांनी बघा. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लावते, सात वाजून पाच मिनिटांनी, डबा भरता भरता. दहा मिनिटांत एकही विशेषण नसतं. लिहिताना शब्द कापायचे असतील तर हाच क्लास, फुकट. बीबीसी मराठीचं 'गोष्ट दुनियेची' हे पॉडकास्ट बाहेरच्या देशांच्या विषयांसाठी बरं आहे.

पण खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त हलवलं ते ओव्यांनी. पत्रकार पी. साईनाथांनी २०१४ ला 'परी' सुरू केलं, पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, वेबसाइट फुकट आहे, मराठीतही वाचता येते. तिथे जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या. त्यातल्या ऐकता पण येतात. मी एका रात्री भांडी घासून झाल्यावर कानाला लावलं, म्हटलं दोन मिनिटं ऐकू, आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिले. सासर, पाऊस, भाऊ, बाबासाहेब, सगळं त्या बायका गातायत. यांच्या घरी कधी पत्रकार गेला नसेल, पण नोंद यांनी ठेवलीच होती. कोणी विचारलं की ही पत्रकारिता कशी, तर मला व्याख्येत नाही सांगता येणार. त्या १.५ स्पीडवर ऐकू नका फक्त, हात जोडते.

पैशाचंही बोलून घेते. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहाला सगळ्या पेपरांच्या पीडीएफ येतात, मीही दोन वर्षं तेच वाचलं. मग एकदा एक माहिती अधिकाराचा अर्ज स्वतः टाकून बघितला, दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, आणि एकतिसाव्या दिवशी उत्तर आलं की माहिती दुसऱ्या विभागाकडे आहे. त्या दिवशी लक्षात आलं की 'माहिती अधिकारातून उघड' या तीन शब्दांमागे कोणाचे तरी किती महिने गेलेले असतात. आता एक पेपर विकत घेते, आठवड्याचा हिशेब काढला तर दोन-चार वडापाव. घेऊ शकत असाल तर घ्या. कॉलेजात असाल तर लायब्ररी आहेच.

आणि एक करा जे मी फार उशिरा केलं. बातमी आवडली तर रिपोर्टरला मेल टाका. 'छान लिहिलंय' नको, नेमका प्रश्न विचारा. मी वाशीच्या एपीएमसीबाहेर, म्हणजे घाऊक बाजाराबाहेर, रात्रभर थांबणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांवरची एक बातमी वाचली होती, अंघोळीला, संडासला कुठे जातात त्यावर, आणि वहीत 'हे यांना कसं कळलं' खाली मला काहीच लिहिता येईना. एवढं कोणी अनोळखी बाईला सांगतं? विचारलं त्या रिपोर्टर बाईलाच. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की तीन दिवस टपरीवर नुसती चहा पीत बसले, चौथ्या दिवशी एक ड्रायव्हर स्वतःच म्हणाला, मॅडम तुम्ही पण गाडीची वाट बघताय का.