मातीच्या भिंतींच्या घरासाठी मेश वायफाय निवडताना
वर्धा-यवतमाळकडच्या गावांत दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतींची घरे अजून आहेत, आणि ओसरीवरच्या राउटरचा सिग्नल माजघर ओलांडेपर्यंत क्षीण होतो. मेश वायफायमध्ये एकाऐवजी दोन-तीन युनिटे असतात आणि ती एकमेकांना सिग्नल देत घरभर एकच वायफाय पोचवतात. वायफायच्या बँडांपैकी (लहरींच्या पट्ट्यांपैकी) ५ गिगाहर्ट्झ वेगवान असला तरी भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झच अधिक आत शिरतो; टिनाचे पत्रे मात्र दोघांनाही अडवतात.

म्हणून खरेदीपूर्वी मोबाइल घेऊन घरभर फिरावे आणि सिग्नल कुठे तुटतो ते पाहावे. दुसरे युनिट त्या कोपऱ्यात नव्हे, तर राउटर आणि तो कोपरा यांच्या मधोमध, शक्यतो दारांच्या सरळ रेषेत ठेवावे, कारण त्यालाच सिग्नल नीट मिळाला नाही तर ते पुढे काय देणार? तीन युनिटांचा संच दुकानदार आग्रहाने दाखवतो. आधी दोन लावून पाहावीत.

महागड्या ट्राय-बँड (तीन बँडांच्या) संचापेक्षा प्रत्येक युनिटला लॅन पोर्ट (नेटची केबल जोडायची खाच) आहे ना, हे तपासून युनिटांच्या मधे कॅट-६ ही नेटची केबल टाकणे मला अधिक भरवशाचे वाटते. ती १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे गोठ्यातल्या कॅमेऱ्याचीही सोय होते. फक्त उघड्यावर बाहेरच्या वापराचीच केबल घ्यावी. फायबरचा डबा आणि सर्व युनिटे इन्व्हर्टरच्या लाइनवर असावीत.