पेशंटला सांगण्याआधी डॉक्टरांना फोन करा

फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन हातात पडलं, 500 तासांचं ट्रेनिंग झालं, आता तालुक्याच्या गावात मेडिकलच्या काउंटरवर उभं राहायचंय, अशांसाठी हे लिहितोय. फार्माकॉलॉजी तुम्हाला येते. मलाही येत होती. माझी गाडी अडली ती दुसरीकडेच.

केज तालुक्यातल्या एक मावशी, साठी ओलांडलेल्या. बीपीसाठी आरोग्य उपकेंद्रातून त्यांना अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची साधी पट्टी मिळायची. मग मुलानं त्यांना खाजगी डॉक्टरांना दाखवलं. तिथं टेल्मिसार्टन 40 आणि अम्लोडिपिन 5 एकत्र असलेली गोळी सुरू झाली. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून मावशी दोन्ही घेत राहिल्या. पायावर सूज आली. गावातल्या तिसऱ्या डॉक्टरांनी सुजेसाठी लघवीची गोळी लिहिली आणि ती चिठ्ठी माझ्याकडे आली.

मी सगळी पिशवी उघडायला लावली आणि लगेच लक्षात आलं. अम्लोडिपिनचा डोस वाढला की घोट्याला सूज येते, लघवीच्या गोळीनं ती फारशी उतरत नाही. मला आनंद झाला, खरंच झाला. मी म्हणालो, "मावशी, चुकीचं चाललंय हे. एकच औषध दोनदा जातंय, यातली एक बंद करा."

मावशींनी सगळ्याच बंद केल्या. "चुकीचं" एवढाच शब्द त्या घरी घेऊन गेल्या होत्या. दहा दिवसांनी चक्कर येऊन पडल्या, बीपी 190 च्या वर. खाजगी डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या? उत्तर आलं, मेडिकलवाल्यानं. त्यानंतर वर्षभर त्या डॉक्टरांनी माझा फोन घेतला नाही. मावशी सावरल्या, पण त्या दिवसाची आठवण निघाली की अजून पोटात गोळा येतो.

मी ओळखलं ते बरोबर होतं. बोललो ते चुकीच्या माणसाशी. हे नीट समजून घ्या, कारण हुशार पोरंच इथं अडकतात. अम्लोडिपिन दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत देतात. म्हणजे एक दिवस थांबून विचारलं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं. घाई फक्त मला होती.

आता मी असं करतो. पेशंटला एवढंच सांगतो, "मावशी, एकही गोळी बंद करू नका. मी डॉक्टरसाहेबांना विचारून सांगतो." मग फोन. ओपीडीची गर्दी असते तेव्हा नाही, दुपारी. आणि बोलायचं असं: "सर, तुमच्या पेशंटना उपकेंद्रातून अम्लोडिपिन 5 चालू आहे, तुमच्या गोळीतही 5 आहे. पायाला सूज दिसतेय. दोन्ही चालू ठेवायच्या का?" काय चालू आहे, काय दिसलं, काय करू. "चूक" हा शब्द नाही, सल्ला नाही. फोन लागला नाही तर हेच तीन ओळींत लिहून चिठ्ठीला टाचून पाठवायचं. उत्तर मिळालं की तारीख घालून वहीत नोंद करायची. शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध बदलून द्यायला कायद्यानंही मनाई आहे, हे ध्यानात असू द्या. मात्र शुगर उतरून घाम फुटलाय, अंगावर पुरळ येऊन श्वास लागलाय, शौचातून रक्त जातंय, तिथं कुणाच्या फोनची वाट बघू नका. सरळ दवाखाना गाठायला लावा.

डॉक्टरांइतकीच आशाताईंशी ओळख ठेवा. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गोळ्या संपतात त्या तिकडे, फडात. कोण कधी निघणार हे आशाताईंना आधी माहीत असतं. टीबीची औषधं शेड्यूल एच1 च्या, म्हणजे पेशंटच्या नावासह नोंद ठेवायच्या औषधांच्या, रजिस्टरला चढवायचीच असतात आणि 2018 पासून मेडिकलनंही टीबीचा पेशंट कळवणं बंधनकारक आहे. तो टोळीबरोबर निघालाय हे तुम्हाला कळलं, तर ते सरकारी यंत्रणेलाही त्याच दिवशी कळवा.

आपलं सर्टिफिकेट दुसऱ्याच्या दुकानाला भाड्यानं देऊ नका. घरबसल्या पैसे मिळतात, पण मावशींची पिशवी उघडायला दुकानात कुणी नसतं. शिकायचं तर मोठ्या होलसेलवाल्याकडे नको. जिथं मालक स्वतः काउंटरवर उभा राहतो आणि "आज्जी, ही जेवणाआधी" असं प्रत्येकीला सांगतो, तिथं पगार कमी असला तरी जा.

पहिले सहा महिने डॉक्टर फोनवर तोडून बोलतील. बोलू द्या. मी फोन करत राहिलो, कंपाउंडरकडे चिठ्ठ्या देत राहिलो. वर्षानं त्याच डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. एका आजोबांना अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजमधून नवीन गोळ्या लिहून आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "त्यांना तुमच्याकडे पाठवतोय. पिशवी बघा आणि मला सांगा."