उन्हाळ्यात गल्लीतली जनावरं सांभाळायची तर

मार्च संपता संपता जळगाव-भुसावळकडे पारा चाळिशी गाठतो आणि मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. या दिवसांत गल्लीतल्या कुत्र्यापुढे बिस्किटाचा पुडा फोडणारे पुष्कळ असतात, पाणी ठेवणारे कमी, आणि ठेवलेलं भांडं रोज घासणारे फारच थोडे. ही माहिती त्या थोड्यांसाठी आहे.

आधी पाणी

पंधरा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला पाऊण ते एक लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट धरा. मोठ्या गाईला ४० ते ६० लिटर, आणि मे महिन्यात तेवढंही पुरत नाही. म्हणून दोघांना एकच भांडं चालत नाही. कुत्र्यासाठी ठेवलेलं कुंड गाय दोन घोटांत संपवते आणि उरलंसुरलं शिंगाने उलथवून जाते.

कुत्र्या-मांजरांसाठी सिमेंटचं पसरट कुंड सगळ्यात बरं: १०-१२ इंच रुंद, चार इंच खोल. जड असल्याने कलंडत नाही आणि कोणी उचलूनही नेत नाही. नवं कुंड मात्र लगेच वापरात आणू नका. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाणी तुरट होतं आणि जनावर हुंगून निघून जातं. चार दिवस काठोकाठ भरून ठेवा, रोज पाणी ओता, मग वापरा. प्लास्टिकचा टब उन्हाने तडकतो, पिलं कुरतडतात. स्टीलचं किंवा जर्मनचं भांडं दुपारी इतकं तापतं की जीभ लावता येत नाही, आणि तसंही ते आठवडाभर जागेवर राहत नाही.

गुरांसाठी गल्लीच्या तोंडाशी छोटा हाळ बांधता आला तर उत्तम. नाही तर २०० लिटरचा ड्रम आडवा कापून त्याचे दोन भाग करा, कापलेल्या कडेवर जुना रबरी पाइप चिरून बसवा, म्हणजे गळा-तोंड कापणार नाही. इथे एक गोष्ट फार सांभाळा. आपला मुलूख कपाशीचा. शेतावर कीटकनाशकाचे रिकामे ड्रम आणि डबे पडलेले असतात आणि ‘धुतला की झालं’ म्हणून कोणी तरी आणून देतं. औषधाचा अंश प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो, तो साबणाने जात नाही. ड्रम कशाचा होता हे माहीत नसेल तर घेऊच नका.

जागा ठरवताना सकाळची सावली बघू नका. दुपारी तीनला जिथे सावली असते ती जागा खरी, म्हणजे इमारतीच्या पूर्वेची भिंत किंवा दाट कडुनिंबाखाली. कुंड नाल्याच्या कडेला, शाळेच्या फाटकाशी किंवा कोणाच्या ओट्याला लागून नको. भांडी शक्यतो दोन ठेवा. एक वापरात असताना दुसरं घासून उन्हात उलटं टाकायचं. घासायला काथ्या आणि राख किंवा मीठ पुरतं. फिनाइल नको, मांजरांना ते विषारी आहे. उन्हाळ्यात डासाची अंडी आठवडाभरात डास होऊन उडतात, त्यामुळे नुसतं वरून पाणी ओतून भागत नाही, जुनं पाणी पूर्ण फेकलंच पाहिजे.

चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावात हे सगळं जड जातं हे खरं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी गुरांच्या ड्रमात चालतं. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी भांडी घासायला वापरा, प्यायला नको, त्यात क्षार जास्त असतात.

पाखरांसाठी मातीचं परळ, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नाही, आणि मध्ये पाण्याबाहेर डोकावणारा एक खडबडीत दगड. गच्चीच्या कठड्यावर ठेवलं तर वाऱ्याने पडतं, झुडपाजवळ ठेवलं तर मांजर दबा धरते. सावलीत टांगलेलं परळ दोन्हींतून सुटतं.

खाणं

दहा कुत्र्यांच्या एका दिवसाचा हिशोब असा: दीड किलो तांदूळ किंवा ज्वारीच्या कण्या, दीड किलो कोंबडीच्या माना-कातडी, पाव किलो भोपळा, वरून काहीही नाही. मीठ नको, तिखट नको. कण्या स्वस्त पडतात आणि आपल्याकडे सहज मिळतात, फक्त पाणी तिप्पट-चौपट घालून मऊ शिजवा. कच्चट राहिल्या तर तशाच बाहेर पडतात. माना प्रेशर कुकरमध्ये बोटाने चुरतील इतक्या शिजवा. अर्धवट शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं.

घरातलं उरलेलं घालताना विचार करा. कळण्याची भाकरी पाण्यात कुस्करून चालते. शेवभाजी, भरीत, रस्सा चालत नाही, त्यातला कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, म्हणून लोकांना संबंध कळत नाही. मनुका, द्राक्षं, चॉकलेटही नको. मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, त्याऐवजी पातळ ताक द्या.

वेळ पक्की ठेवा, पहाटे सहाच्या आत किंवा रात्री आठनंतर. वाटी-पत्रावळ अंतराने मांडा, दांडगट कुत्र्याला पहिली आणि सगळ्यात लांबची. वीस मिनिटांनी उरलेलं उचला. गल्लीतली निम्मी भांडणं खाऊ घालण्यावरून नसतात, मागे राहिलेल्या घाणीवरून असतात.

गाई-गोऱ्ह्यांचं वेगळं आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नसराई असते आणि मंडपामागे भात, बुंदी, पुऱ्यांचे ढीग पडतात. गाईने ते पोटभर खाल्लं की पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, ती उभी राहत नाही, आणि दोन दिवसांत मरू शकते. पुण्य म्हणून वीस पोळ्या एकीलाच घालणारेही हेच करतात. दोन-तीन पोळ्या पुरे. खरंच काही द्यायचं असेल तर कडब्याची पेंढी किंवा हिरवा चारा द्या. रावेर-यावलकडे केळीची सालं भरपूर निघतात, ती छान चालतात, पण पिशवीची गाठ सोडून. खरकटं कॅरीबॅगमध्ये बांधून फेकलं की गाय पिशवीसकट गिळते आणि ते प्लास्टिक पोटातच साठत जातं.

ऊन लागलं तर

कुत्र्याला मुख्यतः धापा टाकूनच अंग गार करता येतं. जीभ गडद लाल किंवा जांभळट, लाळ चिकट आणि दोरीसारखी लोंबणारी, चाल लटपटती, मध्येच उलटी: एवढं दिसलं की वेळ घालवू नका. सावलीत घ्या आणि साधं नळाचं पाणी पोट, काखा, जांघा आणि पंजांवर सतत ओतत राहा. वारा घाला, पंखा असेल तर लावा. दोन चुका हमखास होतात. पहिली, ओलं पोतं अंगावर टाकून सोडून देणं. ते पाच मिनिटांत गरम होतं आणि अंगातली उष्णता आतच कोंडतं. दुसरी, तोंडात बळेच पाणी ओतणं. शुद्ध हरपत असलेल्या जनावराच्या ते फुप्फुसात जातं.

साधा डिजिटल थर्मामीटर जवळ ठेवा, टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात इंचभर. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट. १०५ च्या वर जीव धोक्यात. १०३ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा, नाही तर ते त्याखालीही घसरत जातं. आधी गार करा, मग दवाखान्यात न्या, उलट नको. आणि उठून बसलं म्हणून घरी आणू नका. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे बिघाड दुसऱ्या दिवशी दिसतात.

म्हशीच्या काळ्या कातडीला ऊन जास्त लागतं आणि घामही कमी येतो, तिच्यावर दुपारी दोन-तीन वेळा पाणी मारायलाच हवं. बैलगाडीवाल्यांना सांगताना भांडणापेक्षा नियम सांगा: ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जनावर जुंपता येत नाही. आपल्याकडे म्हणजे मार्चपासूनच.

जखमेत अळ्या

उन्हाळ्याच्या शेवटी आणि पहिल्या पावसात हे प्रमाण एकदम वाढतं. कानामागे, शेपटीच्या बुडाशी, मानेवर वास मारणारं छिद्र दिसतं, आत पांढरं काही वळवळतं. भोवतीचे केस कातरा. टर्पेंटाईनमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा बोळा छिद्राच्या तोंडाशी पाच-दहा मिनिटं धरा. श्वास कोंडल्याने अळ्या वर येतात, त्या चिमट्याने एकेक उचला. घाईत तुटली तर अर्धी आत राहून सडते. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखम धुवा आणि जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळणारा अळ्यांचा स्प्रे मारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघावंच लागतं, खोल कप्प्यातल्या अळ्या एका बैठकीत निघत नाहीत. डोळ्याजवळ किंवा कानाच्या आत टर्पेंटाईन नको, मांजराला तर मुळीच नको. चाटेल अशा जागी जखम असेल तर टर्पेंटाईन न लावता डॉक्टरकडेच न्या.

पकडताना तोंड सुती पट्टीने बांधा, पण कडक उन्हात दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही, कारण मग त्याला धापा टाकता येत नाहीत. माणसांची औषधं देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर मरतं, आयब्युप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड जातं.

पिलं उलट्या करून रक्ताची जुलाब करत असतील तर पार्व्हो समजा. त्या पिलांना हात लावून दुसऱ्या पिलांकडे जाऊ नका. हा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो आणि फिनाइलला दाद देत नाही. ब्लीच एका भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं.

गुरांसाठी १९६२ वर फोन केला की सरकारी फिरत्या दवाखान्याची मदत मागता येते. अंगावर गाठी दिसल्या तर लगेच कळवा. २०२२ च्या साथीत राज्यातला लम्पीचा पहिला रुग्ण ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला होता. हा रोग माश्या-डास-गोचिडांनी पसरतो, माणसाला होत नाही. आजारी गाय कळपातून बाजूला बांधायची, हाकलून द्यायची नाही. पोपट, घुबड, साप अशी वन्य जनावरं जखमी सापडली तर वन विभागाचा १९२६. तोवर पाखराला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोचीत पाणी ओतू नका.

नसबंदी, लस आणि शेजारी

कुत्री वर्षातून दोनदा माजावर येते आणि साधारण ६३ दिवसांत विते. खाऊ घालून नसबंदी टाळली तर वर्षाकाठी तुमचा हिशोब दहाचा वीस होतो. कुत्र्यांच्या नसबंदीसाठीच्या २०२३ च्या नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस झाल्यावर कुत्रं त्याच भागात सोडायचं असतं, ओळखीसाठी कानाला काप असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने खाऊ घालणं ठरवून दिलेल्या जागीच करायचं आहे, तेव्हा नगरपालिकेकडे जागेसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कोणी कुत्र्यांना विष घातलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली तक्रार होते. जुन्या क्रूरता कायद्यातला दंड १० ते ५० रुपयांचा, त्याने कोणी घाबरत नाही. तक्रारीत ३२५ लिहून घ्या आणि मेलेल्या कुत्र्याचं शवविच्छेदन मागा, त्याशिवाय विषाचा पुरावा राहत नाही.

स्वतःला चावा किंवा ओरखडा आला तर आधी वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे घड्याळ लावून. मिरची, हळद, चुना काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) टोचावं लागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नसते. रोज जनावरांत वावरणाऱ्याने चाव्याआधीची लस डॉक्टरांना विचारून घेऊन ठेवावी.

गावाला जायचं असेल तर दोन दिवस आधी दुसऱ्याला सोबत फिरवा. कुठलं कुंड कधी भरायचं, कोणतं कुत्रं कोणापाशी खात नाही, डॉक्टरचा नंबर आणि ड्रमच्या नळाची चावी, हे सगळं एका कागदावर लिहून पाण्याच्या जागेशेजारच्या घरात द्या.