धणे पेरले, पण कोथिंबीर आलीच नाही? या चुका टाळा

"पंधरा दिवस झाले, कुंडीत काहीच दिसत नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, धणे फोडले होते का? धणा म्हणजे एक बी नव्हे, त्या गोल टरफलात दोन बिया असतात. अख्खे पेरले तरी थोडे उगवतात, पण उशिरा आणि विरळ. धणे फडक्यात गुंडाळा, वरून लाटणं हलक्या हाताने फिरवा आणि दोन फाकी सुट्या झाल्या की थांबा. इथेच बऱ्याच जणांचा हात जड होतो. खलबत्त्यात कुटले तर अंकुरच चिरडतो. मग रात्रभर भिजवून, सकाळी निथळून पेरायचे.

किराणा दुकानातले धणे चालतात, फक्त ते नवे हवेत. भाजलेले उगवणार नाहीत. बियाण्याच्या पाकिटातले रंग लावलेले धणे मात्र औषध चोळलेले असतात; उरले तर चुकूनही मसाल्याच्या डब्यात जाऊ देऊ नका.

माती बोटाच्या पेराच्या निम्मीच, म्हणजे साधारण एक सेंटिमीटर. खोल गेलेलं बी वर येत नाही. मग्याने पाणी ओतलं तर सगळे धणे एका कडेला गोळा होतात, म्हणून झारी वापरा. उगवायला ८ ते १५ दिवस लागतात. तोवर माती ओलसर ठेवा, आणि कृपा करून उकरून बघू नका!

रोपं उपटून दुसऱ्या कुंडीत लावणं मला अजिबात पटत नाही. कोथिंबिरीला सोटमूळ असतं, ते दुखावलं की रोप खुंटतं. पहिल्यापासूनच सात-आठ इंच खोल कुंडी घ्या.

एप्रिल-मेमध्ये पानं बारीक होऊन रोप लगेच फुलावर येतं. तो दोष खताचा नाही, उन्हाचा आहे. सकाळचं कोवळं ऊन पुरे, दुपारी सावली द्या. पावसाळ्यात दाट रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात, तेव्हा पेरणी विरळ करा आणि कुंडीची भोकं मोकळी ठेवा.

काढताना मुळासकट उपटू नका. बाहेरच्या काड्या कापा, मधला कोंब राखा, म्हणजे दोन-तीन कापण्या मिळतात. दर पंधरा दिवसांनी नवी कुंडी पेरली तर खंड पडत नाही. फुलावर आलेली दोन रोपं मी तशीच ठेवते. हिरवे धणे चटणीत घालते, आणि झाडावरच वाळलेले ऑक्टोबरच्या पेरणीला ठेवते.