मुंबई–न्यूयॉर्क किती तास? हिशेब करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोटाळा घड्याळाचा होतो. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोहोचण्याची न्यूयॉर्कची. पहाटे १.३० ला सुटून सकाळी ७ ला पोहोचणारं विमान पाहून साडेपाच तासांचा प्रवास वाटतो. हिवाळ्यात तो १६ तासांचा असतो. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे ७ म्हणजे इथले संध्याकाळचे ५.३०. त्यातून १.३० वजा करा. परतीला तिथून सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी ११.३० ला मुंबई: घड्याळाने साडेचोवीस तास, त्यातून साडेदहा गेले की १४.

हा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांवर येतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करते, ब्रिटन मात्र शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडनमार्गे जाणार असाल, तर लंडन आणि न्यूयॉर्कमधला पाठ असलेला फरक वापरू नका.

जाताना १६ आणि येताना १४ का? साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे वारे वाहतात. जाताना ते बरेचदा समोरून येतात, येताना पाठीशी असतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. म्हणून एका दिशेचा वेळ दुप्पट करून जाण्या-येण्याचा हिशेब मांडणं चूकच.

अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. तशी रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाते आणि भरते सुमारे १४,२०० किमी. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळची वाट मुंबईहून वायव्येला, बरीच उत्तरेकडे झुकून निघते, जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढते आणि सुमारे १२,५०० किमीची असते. प्रत्यक्ष उड्डाण याहून लांबचं असतं, कारण मधल्या हवाई हद्दी सगळ्यांना खुल्या नसतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली. त्याआधी २०२२ पासून रशियाची हद्द अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाली होती. म्हणूनच त्याच दोन शहरांसाठी कंपनीनुसार वेळ वेगळी दिसते. जुन्या प्रवासाचा आकडा आजच्या तिकिटाला लावू नका.

एकक तपासा. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किमी, म्हणजे ४,४७५ मैल, पण ३,८९० नॉटिकल मैल. नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ किमीचा. नॉटिकल मैलाला साधा मैल समजलात की ९०० किमीहून जास्त गळतात, म्हणजे उड्डाणाचा तासभर.

अंतराला ताशी ९०० ने भागून येतो तो फक्त हवेतला अंदाज. वेळापत्रकातली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, म्हणून त्यात अर्धा-पाऊण तास मिळवा. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत; गर्दीच्या वेळी रांग लागते ती इथेच.

आणि तारीख. परदेशी जाणारी बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००.४० असेल, तर १४ च्या रात्री ९ पर्यंत विमानतळावर पोहोचायला हवं. १५ च्या रात्री बॅगा घेऊन गेलात, तर विमान वीसेक तासांपूर्वीच गेलेलं असतं. घरच्या कॅलेंडरवर खूण १४ लाच करा, आणि टॅक्सीही १४ चीच ठरवा.